घरबसल्या विक्री आणि हिशेबाची वही

(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या वेळी, २०२६ साली, केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कार्यवाहबाई म्हणाल्या, "यंदा तुम्ही बोला," तेव्हा मी म्हटले, "बाळाची कुंची कशी बेतावी ते सांगेन." त्यावर त्या म्हणाल्या, "ते इथे पुष्कळजणींना येते. तुम्हाला प्राप्तिकराची सूचना आली होती, त्याचे सांगा. हल्ली घरोघर बायका फोनवरून माल विकतात. त्यांच्या उपयोगी पडेल." म्हणून उभी राहिले आहे. बोलण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्यावी.

आमचे बाळंतविड्याचे काम तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. झबले, टोपडे, कुंची, लंगोट, दुपटे आणि लहानशी गोधडी, असा एक विडा. पूर्वी ओळखीपाळखीने महिन्याला पाचसहा विडे जात. माझी भाची म्हणाली, "मावशी, हे ऑनलाइन बाजारात ठेव. पुण्यामुंबईच्या मुलींना हे शिवायला वेळ नाही, पण बाळाला घालायला सगळ्यांना हवे असते." तिने फोटो काढले, खाते उघडले. खाते माझ्या नावावर, पॅन कार्ड माझे, बँकेचे पुस्तकही माझेच. शिवणाऱ्या मात्र आम्ही सातजणी. जानेवारी २०२४ मध्ये पहिला विडा गेला, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

आता हा ऑनलाइन बाजार म्हणजे आहे तरी काय? मला तो समजला माझ्या वडिलांमुळे. माझे माहेर कांद्याच्या मुलखातले. वडील कांद्याची गाडी लासलगावच्या बाजारात नेत. तिथे आडत्या माल विकून देई आणि वडिलांच्या हाती एक पट्टी ठेवी. पट्टीवर वर लिहिलेले असे, माल एवढ्याला गेला. त्याखाली आडत, हमाली, तोलाई वजा. अगदी तळाला, हाती आलेली रक्कम. वडील सगळ्या पट्ट्या खुंटीवरच्या तारेत ओवून ठेवीत. आई विचारी, "किती आले?" ते तळाचा आकडा सांगत. पण भाऊबंदांत कांद्याची गोष्ट निघाली की वरचा आकडा सांगत. तेव्हा मला हसू येई. आज कळते की दोन्ही आकडे खरे होते. प्रश्न वेगळे होते.

ऑनलाइन बाजार हा असाच एक आडत्या आहे. आपला माल तो आपल्या नावावर विकतो, आपली आडत कापतो, पोचवण्याचे भाडे कापतो आणि उरलेले बँकेत टाकतो. समजा, एक विडा ९५० रुपयांना गेला. आडत ११४ रुपये, भाडे ७६ रुपये, या दोहोंवरचा जीएसटी ३४ रुपये. बँकेत आले ७२६. आपण बायका काय करतो? बँकेचा संदेश वाचतो आणि म्हणतो, विडा ७२६ ला गेला. इथेच पहिली चूक होते. विडा गेला ९५० ला. बाजार सरकारला कळवतो तोही ९५० चाच आकडा. आपली पट्टी त्या बाजाराच्या खात्यात दर हप्त्याला तयार असते, पण ती उघडून बघणारी बाई शंभरात एखादी. मीही बघत नव्हते.

आता सरकारला काय कळवतात ते सांगते. हे मला कराचे काम करणाऱ्या एका सद्गृहस्थांनी दोन दुपारी बसून समजावले. मी वहीत लिहून घेतले आहे, त्यातलेच वाचते.

पहिली बाब प्राप्तिकराची. १ ऑक्टोबर २०२० पासून असा नियम आहे की ऑनलाइन बाजाराने विक्रेत्याच्या एकूण विक्रीवर थोडा कर आधीच कापून सरकारात भरावा आणि कोणाच्या पॅनवर किती विक्री झाली ते कळवावे. पूर्वी हा कर शेकडा एक रुपया होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो हजारी एक रुपया झाला. एकट्या माणसाच्या नावावर वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असेल आणि त्याने पॅन किंवा आधार दिलेले असेल, तर कापायचा नाही. दिलेलेच नसेल, तर मात्र शेकडा पाच कापतात. आणि पाच लाखांची ही सवलत एकट्यादुकट्या व्यक्तीला व हिंदू एकत्र कुटुंबाला आहे; संस्थेला नाही. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू झाला आहे. त्यात कलमांचे आकडे बदलले, पण पाच लाख आणि हजारी एक या दोन गोष्टी तशाच आहेत.

हे वर्ष म्हणजे आपले पाडव्यापासूनचे नव्हे, दिवाळीपासूनचेही नव्हे. १ एप्रिल ते ३१ मार्च, हे सरकारचे वर्ष.

२०२४-२५ या वर्षी आमची विक्री झाली ५ लाख ८४ हजारांची. फेब्रुवारीत पाच लाख ओलांडले आणि कर कापला गेला. किती? सहाशे रुपयांच्या आत. माझ्या तो ध्यानातही आला नाही. आला असता तरी मी म्हटले असते, जाऊ द्या, सहाशे रुपयांनी काय होते? पण भगिनींनो, कापले थोडे आणि कळवले सगळे! सरकारच्या कागदावर माझ्या पॅनसमोर ५ लाख ८४ हजारांची विक्री लागली. मी कधी विवरणपत्र भरलेले नाही. आमच्या घरातून फक्त ह्यांचे भरले जाते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मला सूचना आली. तुमच्या नावावर एवढी विक्री दिसते, विवरणपत्र दिसत नाही, तरी खुलासा करावा, असा मजकूर. मी ती तीनदा वाचली. देवापुढे दिवा लावला आणि मग ह्यांना दाखवली. हे रागावले नाहीत, पण म्हणाले, "बंद करा हे सगळे. शिवण घरच्यापुरते ठेवा." मला त्या रात्री झोप आली नाही. कराची भीती होतीच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की आमच्यापैकी दोघींच्या घरची चूल त्या पैशावर चालते. मी बंद करते म्हटले तर त्यांनी कुठे जावे?

त्या सद्गृहस्थांकडे गेले. त्यांनी पहिला धीर हा दिला की विक्री म्हणजे उत्पन्न नव्हे. विक्रीतून आडत, भाडे, कापड, दोरा आणि शिवणाऱ्यांची मजुरी वजा करून जे उरेल ते उत्पन्न. कराचा विचार त्यावर. लहान धंद्यासाठी अशीही सोय आहे की बँकेतून आलेल्या विक्रीवर निदान शेकडा सहा एवढा नफा दाखवावा आणि पक्क्या वह्यांच्या कटकटीतून सुटावे. पण खरा नफा त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवावा. मग त्यांनी विचारले, "बाई, तुम्हाला स्वतःला किती उरले?"

आणि मला सांगता येईना.

बँकेत आले होते सुमारे ४ लाख ४६ हजार. कापडाच्या पावत्या अर्ध्या होत्या, अर्ध्या नव्हत्या. सहाजणींना मी मजुरी देत होते, विड्यामागे ३०० रुपये. पण कशी? बँकेतून काढायचे, पाकिटात घालायचे, हातात द्यायचे. ना चिठ्ठी, ना सही. आम्ही एकमेकींच्या बाळंतपणात जागलेल्या बायका. लिहून घेणे म्हणजे अविश्वास, असे माझ्या डोक्यात होते. ते म्हणाले, "तुमचे हे सगळे प्रेमाचे खरे, पण कागदावर ही सगळी विक्री तुमची एकटीची आहे. ज्याचा पॅन त्याची विक्री. बाकीच्या सहाजणी कागदावर कुठेच नाहीत."

मी घरी येऊन सगळ्यांना बोलावले. म्हटले, आजवर काय दिले घेतले ते आठवून लिहू या आणि प्रत्येकीने सही करू या. पाचजणी तयार झाल्या. एक वहिनी उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुमच्या ओसरीवर बसून मी शिवत आले. आज कागद पुढे करता? सरकारचे संकट आले, तर माझ्या नावावर ढकलायचे आहे का?" त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मला खरे सांगायचे तर त्यांचा राग आला. वाटले, एवढे माझ्यावर आले आहे आणि यांना सहीचे जड होते.

पंधरा दिवसांनी मीच त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा दिला, बोलल्या मात्र नाहीत. मग आत जाऊन भिंतीवरची दिनदर्शिका घेऊन आल्या आणि ट्रंकेतून आदल्या वर्षाचीही काढली. दोन्हींच्या पानापानावर पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलेले. अमुक तारखेला दोन विडे दिले, अमुक तारखेला सहाशे आले. एकही दिवस सुटलेला नव्हता. आम्ही दोघींनी बेरीज केली. आणि काय निघाले? चार विड्यांचे पैसे माझ्याकडून त्यांना गेलेलेच नव्हते. बाराशे रुपये! त्यांनी कधी तोंडाने मागितले नाहीत. मनात ठेवले. मी सही मागितली तेव्हा त्यांना वाटले, आता त्या चार विड्यांवरही माझी सही घेणार.

भगिनींनो, मी त्यांचे बाराशे रुपये दिले आणि हात जोडले. लिहून घेणे म्हणजे अविश्वास असे मी मानत होते. प्रत्यक्षात मी लिहिले नाही म्हणून त्यांचा माझ्यावरचा विश्वास गेला होता. सरकारची सूचना आली नसती, तर हे बाराशे रुपये आमच्या दोघींच्या मध्ये जन्मभर राहिले असते.

त्यांच्या दिनदर्शिकेवरूनच मग बाकीच्यांचाही हिशेब लागत गेला, कारण विडे एकाच गठ्ठ्यातून जात होते. बाजाराच्या खात्यातून वर्षाच्या सगळ्या पट्ट्या भाचीने काढून दिल्या. परत आलेले विडे वेगळे केले. शेवटी मला स्वतःला उरलेले निघाले ७१ हजार रुपये. तेच विवरणपत्रात दाखवले. उशीर झाला होता, पण ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत ते भरता येत होते. माझे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या पुष्कळ खाली, म्हणून कर शून्य, उशिराचे शुल्क नाही आणि कापलेले पैसे परत मागता आले. सूचनेला तसे उत्तर दिले. एवढ्या दिवसांच्या भीतीचा शेवट एवढाच. पण हा शेवट हिशेब लागला म्हणून असा झाला, हे विसरू नये.

दुसरी बाब जीएसटीची. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. तेव्हा असा नियम होता की ऑनलाइन बाजारात माल विकायचा तर विक्री एक रुपयाची असली तरी जीएसटीची नोंदणी हवी. घरच्या दुकानाला मर्यादा होती, पण ऑनलाइनला नव्हती. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना त्यातून सूट मिळाली, म्हणूनच आमचे खाते त्यानंतर उघडले. पण ही सूट अटींवर आहे. एक, विक्री नोंदणीच्या मर्यादेच्या आत हवी. दोन, माल आपल्याच राज्यात विकायचा, राज्याबाहेर नाही. तीन, पॅन हवे आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन व पत्ता देऊन एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा. तो क्रमांक मिळाल्यावरच विक्री सुरू करायची. अशा विक्रेत्याकडून बाजार जीएसटीपोटी काही कापत नाही, पण विक्रीचा आकडा मात्र दर महिन्याला कळवतो.

यातही आमचा पाय घसरणार होता. मंडळाच्या एक जुन्या सभासद आहेत, त्यांची लेक इंदूरला असते. तिचा फोन आला, "काकू, इथे पुष्कळ मराठी घरे आहेत, सगळ्यांना विडा हवा आहे. इथे तो मागवता का येत नाही?" येणार कसा? आमचा क्रमांक महाराष्ट्रापुरता. तेव्हा ओळखीतले एक दुकानदार म्हणाले, "त्यात काय, माझ्या दुकानाचा जीएसटी नंबर लावा." चांगल्या मनाने म्हणाले. आम्हालाही मोह झाला. पण एव्हाना मी शहाणी झाले होते. ज्याचा नंबर त्याची विक्री! आमचे विडे त्यांची विक्री म्हणून लागतील, त्यावरचा कर त्यांच्या माथी येईल आणि उद्या त्यांच्या दुकानाचा हिशेब चुकला तर दोन घरांचे वैर होईल. मी हात जोडून नको म्हटले.

राज्याबाहेर ऑनलाइन विकायचे, तर सरळ नोंदणी करावी. पण तिचे ओझे आधी समजून घ्यावे. नोंदणी झाली की प्रत्येक विक्रीवर जीएसटी आकारावा लागतो. बाजार विक्रीवर अर्धा टक्का कापतो. हा दर पूर्वी एक टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा झाला. ती रक्कम आपल्याच जीएसटी खात्यात जमा होते, पण तिथे जाऊन ती स्वीकारावी लागते. न स्वीकारली तर पडून राहते. आणि विवरणपत्र नेमाने भरावे लागते, त्या काळात एकही विडा गेला नाही तरी. काहीच विक्री नाही म्हणून भरले नाही, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला २० रुपये. आम्ही सातजणींनी बसून ठरवले की तूर्त महाराष्ट्रातच राहावे. इंदूरच्या मुली माहेरी येतील तेव्हा विडा इथूनच घेऊन जातील.

आता आम्ही काय पद्धत घातली आहे ते सांगते. यात विद्वत्ता काही नाही, सातवीच्या बाईला जमणारे आहे.

एक वही. तिला पाच रकाने. तारीख, किती विडे गेले, कितीला गेले, पट्टीत काय काय वजा झाले, बँकेत किती आले. परत आलेला विडा लाल शाईने.

बाजाराची पट्टी दर महिन्याला उतरवून कागदावर छापून घ्यायची आणि वडिलांसारखी तारेत ओवायची. फोन बदलतो, फोन पाण्यात पडतो. तार पडत नाही.

शिवणाऱ्या प्रत्येकीला मजुरी तिच्या बँकेत. चिठ्ठी दोन प्रतींत, एक तिची, एक माझी. दोघींच्याही सह्या, माझी आधी. ज्या दोघी स्वतः कापड आणून पुष्कळ माल करतात, त्यांनी आपापल्या पॅनवर वेगळी खाती उघडली. त्यांची विक्री त्यांची, माझी माझी.

धंद्याचे बँकेचे पुस्तक वेगळे ठेवायचे. दूधवाल्याचे, भिशीचे पैसे त्यात यायला नकोत.

आणि तीन महिन्यांतून एकदा प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनने जाऊन वार्षिक माहिती विवरण उघडायचे. आपल्याविषयी कोणी काय कळवले ते तिथे लिहिलेले असते. त्याला पैसे पडत नाहीत. तिथला आकडा आणि आपल्या वहीतला आकडा जुळला पाहिजे. चुकीचा असेल तर तिथेच तसे कळवण्याची सोय आहे.

कोणी म्हणेल, एवढ्या उठाठेवीपेक्षा खाते नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावावर करावे. तसे पुष्कळ घरी होते. पण मग विक्री त्यांची होते, आकडा त्यांच्या पगारात मिसळतो आणि आपण रात्री जागून शिवलेले सरकारच्या लेखी कोणीच शिवलेले नसते. मला सूचना आली तेव्हा मी घाबरले. पण आज असेही वाटते की आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावाने, माझ्या कामाबद्दल कोणी विचारले. उत्तर माझ्यापाशी असायला हवे होते, एवढेच माझे चुकले.

त्या वहिनी पुन्हा ओसरीवर येऊ लागल्या आहेत. आता वही त्याच लिहितात. त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा बरे आहे आणि बेरीज तर कधीच चुकत नाही.

सरकारचे नवे वर्ष नुकतेच लागले आहे. ज्यांनी फोनवर विक्री मांडली आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर आपल्या खात्यावर कोणाचा पॅन आहे तेवढे तरी बघावे आणि उद्या बाजारातून एक वही आणावी. ज्यांना रकाने आखता येत नाहीत त्यांनी मंगळवारी दुपारी माझ्याकडे यावे, मी आखून देईन.

आंब्याची डाळ आणि पन्हे वाट पाहत आहे.